जिन्यातला माणूस

१२ जानेवारी

सोन्या,

तुझं टाइप केलेलं पत्र मिळालं. ऑफिसची नोटीस आल्यासारखं वाटतं रे. हे म्हणाले, "मेव्हण्याने बिल पाठवलं की काय." पण फोनवर तुझं बोलणं मला निम्मंच कळतं, आणि सारखं "काय? काय?" केलं की तू फोन ठेवून देतोस. म्हणून मीही लिहायला बसले.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तशी तीही कुरकुरते. तू नोकरीसाठी तिकडे गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून दिवसभर खिडकीशी बसते. तिसऱ्या मजल्यावरून तिला खालचं काय दिसतं कोण जाणे.

आता मुद्द्याचं. तुझ्यासाठी एक स्थळ आहे. ह्यांच्या ओळखीतलं घर. मुलीला ऐकू कमी येतं, बाकी काही खोट नाही. शिवणकाम करते, घर एकटी सांभाळते. तिच्या वडिलांना तुझं सगळं सांगितलंय, काही लपवलं नाही. कुबड्या, हातांचं, बोलण्याचं. ते म्हणाले, "नोकरी आहे ना? मग झालं." याहून आणखी काय हवं? आपल्याला नाक मुरडायची सोय नाही, हे तुलाही कळतं. आईचं वय झालं, मी माझ्या संसारात. उद्या तुला कोण बघणार?

आणि ते जुनं जे काही होतं ते त्या वयातलं खूळ होतं. ते आपण तेव्हाच मिटवलं. लग्न झालं की भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर येतं.

पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा काढ. मी फोनवर तुला हे सांगितलं तेव्हा तू "पाहू" म्हणालास. पाहू नको, ठरव.

ताई


२४ जानेवारी

ताई,

नाही.

फोनवर मी हाच शब्द म्हणालो होतो. तुला तो "पाहू" ऐकू आला.

मला पत्र लिहायला आवडतं ते याचसाठी. मी एका बोटाने टाइप करतो, पानभर मजकुराला माझी जेवणाची सगळी सुट्टी जाते. पण इथे तू माझं वाक्य मधेच तोडून स्वतःच पुरं करू शकत नाहीस. मी शब्द सोडला तसाच तुझ्यापर्यंत पोचतो.

"ते जुनं" म्हणतेस. मी सतरा वर्षांचा होतो. वर्गातला एक मुलगा माझं दप्तर उचलायचा. बाबांनी आम्हाला शाळेच्या मागच्या व्हरांड्यात पाहिलं. त्याचा हात माझ्या हातात होता, एवढंच. त्याला त्याच्या घरच्यांनी शाळेतून काढलं. मला बाबांनी डॉक्टरकडे नेलं. लहानपणी पाय सरळ व्हावेत म्हणून ज्या हिरिरीने न्यायचे, त्याच हिरिरीने. तू बरोबर होतीस. डॉक्टरांनी मला तोंड उघडू दिलं नाही. बाबांना म्हणाले, "अशा मुलांना कुणी जवळ केलं की ती चिकटतात. तुम्ही समजताय तसलं हे काही नाही. याला त्यातलं काय कळतंय?" बाबांचा जीव भांड्यात पडला. घरी येताना तू हसलीससुद्धा, ओझं उतरल्यासारखी.

शाळेतली पोरं माझ्यामागे माझ्यासारखीच वाकडीतिकडी चालायची. त्यांचा मला राग यायचा, पण एवढा नाही. निदान ती माझ्याकडे नीट बघायची तरी. डॉक्टरांनी तेवढंही केलं नव्हतं.

मला त्यातलं कळतं, ताई. मला पुरुष आवडतात. तेव्हाही आवडायचे. आज मी एकतीस वर्षांचा आहे आणि त्यात काही बदल झालेला नाही.

आणि एक माणूस आहे. प्लंबर आहे. माझ्या मोरीतला नळ गळत होता म्हणून घरमालकीण काकूंनी त्याला पाठवलं. नळ झाल्यावर तो म्हणाला, "इथे धरायला दांडा हवा. कुठे लावू?" मी म्हटलं, लावा कुठेही. म्हणाला, "कुठेही कसा? हात तुमचा आहे." मग मला उभं केलं, तोल जाताना माझा हात आपोआप जिथे गेला तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि तिथेच दांडा बसवला. आपल्या घरातला दांडा बाबांनी टॉवेल टाकायच्या उंचीवर लावला होता. त्याला धरून मी दोनदा पडलोय.

तो रोज संध्याकाळी येतो. आता तुला माहीत झालं.

त्या मुलीला कुणी विचारलं का, तेही कळव. ऐकू कमी येतं म्हणजे तिला मत नसेल असं नाही.

तुझा भाऊ


६ फेब्रुवारी

सोन्या,

तुझं पत्र वाचलं आणि फाडून टाकलं. घरात वयात आलेली मुलगी आहे माझी. तुझ्या भाचीला बघायला घरं यायला लागलीत. हे पत्र ह्यांच्या नाहीतर तिच्या हाती लागलं असतं तर? असली वाक्यं एका बोटाने टाइप करायला तुला एवढा वेळ लागतो, मग एवढ्या वेळात एकदाही लाज वाटली नाही?

तू डॉक्टरांचं उकरून काढलंस. डॉक्टर चूक बोलले असतील, पण त्यांच्यामुळे बाबांनी तुला घरात ठेवलं. नाहीतर काय केलं असतं ते मला माहीत आहे, तुला माहीत नाही.

आता मी एकच विचारते, रागावू नकोस. धडधाकट माणूस, हाताला काम असलेला, तो तुझ्याकडे कशाला येईल? स्वतःकडे बघ जरा. जेवताना तुझी हनुवटी पुसावी लागते. बटणं लावून द्यावी लागतात. आम्ही ते केलं कारण आम्ही तुझ्या रक्ताची. परका माणूस ते करतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. आज गोड बोलेल, उद्या तुझ्या नोकरीवर बसून खाईल, परवा तुला रस्त्यावर सोडून जाईल. तू भोळा आहेस. कुणी दांडा लावून दिला तर त्याला तू प्रेम समजतोस.

मी येतेय. ह्यांना सांगितलंय की तुझ्या खोलीची व्यवस्था बघायला जातेय. त्यालाही बोलावून ठेव. बघू दे मला कसा आहे तो.

ताई


२ मार्च

ताई,

तू येऊन गेल्यापासून लिहीन म्हणत होतो.

तू भांडायला येणार अशी मी तयारी ठेवली होती. तोही इतका घाबरला होता की नव्या शर्टाच्या कॉलरमधला पुठ्ठा तसाच ठेवून आला होता. मान वळवता येईना, म्हणून तुझ्याकडे बघताना सगळाच्या सगळा वळत होता. तो पुठ्ठा तू स्वतः काढून दिलास. मोरीतला दांडा हलवून बघितलास आणि "घट्ट आहे" म्हणालीस. निघताना त्याला म्हणालीस, "याला फार गरम देऊ नका, तोंड भाजतं." तू गेल्यावर त्याने कपबश्या विसळल्या. मग म्हणाला, "तुझी बहीण चांगली आहे रे." मी मनात तुझ्याबद्दल वाईट आणलं होतं, ते काढून टाकलं.

बाकी इथलं बरं नाही. परवा घरमालकीण काकूंनी मला खोली सोडायला सांगितली. कारण विचारलं तर मान खाली घालून म्हणाल्या, "तुम्हालाच माहीत." सकाळचं पाणी बंद केलंय. दारावर कुणीतरी कोळशाने दोन शब्द लिहून गेलं. एक माझ्या पायांवरून, दुसरा त्याच्यावरून आणि माझ्यावरून. दोन्हींत ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे. समोरची पोरं माझ्या चालण्याची नक्कल करायची, ती आता त्यात कंबर हलवण्याची भर घालतात.

औषधांच्या गोदामातही बातमी पोचली. मी ज्या टेबलाशी बसून खोक्यांच्या तारखा कॉम्प्युटरवर चढवतो, ते टेबल मॅनेजरने मागे हलवलं, रिकाम्या खोक्यांच्या पलीकडे. कॅन्टीनमध्ये माझा पेला वेगळा झाला. आधी जी माणसं माझ्यासाठी दार धरून ठेवायची, ती आता सोडून देतात आणि ते कुबडीवर आपटतं. आधी कीव होती, आता किळस आहे. खरं सांगू, किळसेत निदान मी लहान मूल नसतो, मोठा माणूस असतो.

काकूंना कुणी सांगितलं ते मात्र कळत नाही. इतके महिने तो रोज यायचा, तर त्यांना वाटायचं की मला आंघोळ घालायला ठेवलेला माणूस आहे. माझ्यासारख्याकडे कुणी रोज आलं तर लोकांना दुसरं काही सुचतच नाही. त्याच आडोशाने आमचं चाललं होतं.

दुसरी खोली शोधतोय. तळमजला हवा, म्हणून वेळ लागतोय.

तुझा भाऊ


९ मार्च

सोन्या,

वाचून वाईट वाटलं. पण नवल नाही वाटलं. जग असंच आहे, हे मी तुला सांगत होते तेव्हा तुला मी दुष्ट वाटले.

तुझा तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. असेल चांगला. चांगल्या माणसामुळेही दुसऱ्याचं वाटोळं होतं. तो आला नसता तर तुझं पाणी बंद झालं नसतं, टेबल हललं नसतं.

खोली शोधत बसू नकोस. सामान बांध आणि घरी ये. त्या बाईंचा भाऊ म्हणे फार तापट आहे, हात उचलायला मागेपुढे बघत नाही. तो एखाद्या रविवारी येऊन तमाशा करायच्या आत निघ. मुलीकडचे अजून थांबलेत. मी त्यांना सांगितलंय, ऑफिसात काम आहे म्हणून उशीर होतोय.

आईला यातलं काही माहीत नाही. ती रोज विचारते, कधी येतोय.

ताई


२० मार्च

ताई,

घरमालकीण काकूंना भाऊ आहे हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी इथे वर्षभर राहतोय. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्याबद्दल ऐकलं नव्हतं, आणि तुला लिहिलं तर मुळीच नव्हतं. तो तापट आहे, हात उचलतो, रविवारी येतो, हे सगळं तुला तिकडे बसून ठाऊक.

तुझं पत्र गुरुवारी आलं. रविवारी तो आला.

दोन माणसं बरोबर घेऊन आला. प्लंबर माझ्या दारात चपला काढत होता. त्यांनी त्याला बोळात ओढून नेलं. मी कुबड्या घेऊन बाहेर येईपर्यंत त्यांचं बरंच करून झालं होतं. मी ओरडलो. मी ओरडतो तेव्हा काय आवाज येतो ते तुला माहीत आहे. त्यातला एक हसायला लागला आणि म्हणाला, "याला काय झालं?" काकूंचा भाऊ म्हणाला, "याला हात लावू नका, हा बिचारा आहे." मला कुणी हात लावला नाही. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. त्याचा उजवा हात बोळाच्या दारात धरून त्यांनी दार लावलं.

मनगट दोन ठिकाणी मोडलंय. प्लंबरचं मनगट. पाना धरायचा हात.

सोमवारी मी काकूंकडे गेलो. त्या आधी कडी काढेनात. मग दार उघडून रडायला लागल्या. म्हणाल्या, "तुझ्या बहिणीनेच सांगितलं बाबा मला. जाताना माझे हात धरले, म्हणाली, त्याला काही बोलू नका, तो भोळा आहे, फक्त त्या माणसाचं येणं बंद करा. घरात कुणी पुरुष माणूस आहे का विचारलं. मी भावाचा नंबर दिला. मला काय माहीत तो असं करेल."

म्हणजे माझ्या खोलीत बसून तू चहा प्यायलीस. त्याच्या कॉलरमधला पुठ्ठा काढलास. आणि पन्नास पावलांवर जाऊन हे ठरवलंस.

फोन करून तू काकूंच्या भावाला काय म्हणालीस ते मला नको सांगूस. हाडं मोडा असं तू म्हणाली नसशील. समज द्या, असं म्हणाली असशील. तुझी भाषा नेहमीच चांगली असते.

प्लंबरला मी हे सांगितलं. लपवणार होतो, जमलं नाही. त्याने प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाला, "मला वाटलं होतं तिला मी आवडलो."

आम्ही आता एका गॅरेजच्या मागच्या खोलीत राहतो. आम्ही म्हणजे दोघं. पत्ता पाकिटावर आहे, तो आईसाठी. तू लिहिलं नाहीस तरी चालेल.


१७ जून

सोन्या,

तीन महिने मी लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते. पण आईला झटका आलाय. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं कळत नाही. दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. तुला कळवणं माझं कर्तव्य आहे म्हणून कळवते.

आणि पेन हातात घेतलंच आहे तर तुझ्या पत्राचंही उत्तर देते. होय, मी सांगितलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन. त्याचा हात मोडावा असं मला वाटत नव्हतं. पण तू सुटावास असं वाटत होतं.

तू मला माझी भाषा चांगली असते म्हणतोस. मग आज वाईट भाषेत ऐक. माझी शाळा आठवीत सुटली ती तुला व्यायामाला न्यायचं म्हणून. मैत्रिणी सहलीला जायच्या आणि मी तुझे पाय चोळत बसायचे. दोन ठिकाणी माझं जमलेलं मोडलं, कारण त्यांना वाटलं तुझं आहे ते आमच्या रक्तातच आहे. मी तुझ्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, एवढं केलं तर निदान हा सुखाने, मानाने जगेल. तू काय केलंस? तुझ्यावर आधीच लोकांचे डोळे होते. त्यांना तू आणखी एक कारण दिलंस. एक जन्मतःच होतं, त्यात तुझा दोष नव्हता. दुसरं तू स्वतः निवडलंस.

निवडलं नाही, असं तू म्हणशील. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की माझ्या मुलीचं एका चांगल्या घरी जवळजवळ ठरलंय, आणि कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं तर तिचंही माझ्यासारखंच होईल.

आईला बघायला ये. पण एकटा ये.

ताई


२२ जून

ताई,

आईला बघायला येतोय. रविवारी दुपारी पोचेन.

एकटा कसा येऊ, ते तू सांग. बसमध्ये चढायला आणि उतरायला मला माणूस लागतो. तुमच्या घराला लिफ्ट नाही. जिना मी बसून उतरू शकतो, चढू शकत नाही. त्याचं मनगट अजून वजन घेत नाही, त्यामुळे तो मला पाठीवर घेऊ शकणार नाही, नाहीतर तुला विचारलंच नसतं. भाऊजी आणि शेजारचे कुणी मिळून खुर्ची उचलतील का?

तो माझ्याबरोबर येतोय. भांडायला नाही. मला आणायला.


२५ जून

सोन्या,

हे उचलणार नाहीत; ह्यांच्या कानावर सगळं गेलंय, इमारतीतही कुजबुज आहे. शेजाऱ्यांना मी विचारणार नाही. कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानातले दोन हमाल सांगून ठेवलेत. खुर्ची आणि दोरी त्यांच्याकडे असेल. दुपारी दोन ते तीनमध्ये ये, तेव्हा दारं बंद असतात, लोक पडलेले असतात.

त्याला कोपऱ्यावर थांबव. इमारतीत आणू नकोस. एवढं एक तरी ऐक.

ताई


१ जुलै

ताई,

घरात काय झालं ते तू पाहिलंस. जिन्यात काय झालं ते पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो.

हमाल खाली होते. माणसं चांगली होती. फ्रिज बांधतात तसं त्यांनी मला खुर्चीला बांधलं आणि एकाने विचारलं, "आवळतंय का?" प्लंबर माझ्या कुबड्या घेऊन मागून चढत होता. मी त्याला कोपऱ्यावर थांबवलं नाही. पहिल्या मजल्यावर दारं उघडली. दोन ते तीनमध्ये लोक पडलेले असतात ते खरं, पण हमाल जिन्यात "सांभाळ, सांभाळ" म्हणाले की सगळे उठतात. दुसऱ्या मजल्यावर एक बाई म्हणाली, "हाच का तो?" दुसरीने विचारलं, "दोघांतला कुठला?"

वर भाऊजींनी दार उघडलं आणि म्हणाले, "तो आत येणार नाही." तू त्यांच्यामागे उभी होतीस आणि पदराशी चाळा करत होतीस. मी वळून त्याच्याकडे बघितलं. परत जाऊ या, असं म्हणणार होतो. तोच म्हणाला, "जा तू. आई आहे. मी इथेच आहे." आणि जिन्यात पायरीवर बसला.

मी आत आलो याची मला लाज वाटते, आणि आलो नसतो तर त्याहून जास्त वाटली असती.

तुम्ही सगळे आईवर वाकून "काय? काय?" करत होतात आणि मग आपापसात ठरवत होतात. पाणी. कूस. पंखा. मला तिचं बोलणं कळत होतं, ताई. सगळं नाही, बरंचसं. मी जन्मभर तसंच बोलत आलोय. तिने मला विचारलं, बाहेर कोण आहे? मी म्हणालो, माझा माणूस आहे, आई. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, आत घे. भाऊजी म्हणाले, "पाणी मागतायत." तू चमच्याने पाणी घातलंस. मी म्हणालो, पाणी नको आहे तिला, त्याला आत घ्या म्हणतेय. भाऊजी म्हणाले, "तुला सोयीचं तेवढंच ऐकू येतं." तू माझ्याकडे बघितलंस. मी खोटं बोलत नाही हे तुला कळलं होतं. तू पुन्हा चमचा भरलास.

हमाल निघून गेले होते. मी बसून एकेक पायरी उतरलो. तो माझ्या एक पायरी खाली, उलटा उतरत, डावा हात पुढे धरून. मधल्या वळणावर वरून कुणीतरी साबणाच्या पाण्याची बादली ओतली. मी घसरलो ते त्याच्या अंगावर. त्याचं मनगट भिंतीवर आपटलं. वर कोण आहे ते आम्ही बघितलं नाही.

आईला काही झालं तर लगेच कळव. एवढंच मागतो.


१४ जुलै

सोन्या,

आई गेली. तू येऊन गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी. तुला कळवलं नाही, कारण तू आला असतास, आणि जिन्यात पुन्हा तेच झालं असतं. सगळं उरकलं. लोकांना सांगितलं, तू आजारी आहेस.

माझ्या मुलीचं ठरत आलेलं फिसकटलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्यामुळे झालं असं मी म्हणाले, तर ती म्हणाली, "तुझ्यामुळे." हे घरात तुझं नाव काढू देत नाहीत. हे पत्र मी खाली बाकावर बसून लिहितेय.

मी तुला माफ केलं म्हणून लिहीत नाही. एक विचारायचं आहे.

तू गेल्यावर आई दोन दिवस एकसारखं एकच काहीतरी म्हणत होती. ओ... एआ... आ... असं. मला तेवढंच ऐकू यायचं. मी पाणी दिलं, कूस बदलली, खिडकी उघडली, पांघरूण काढलं, पुन्हा घातलं. ती मान हलवायची, नाही, नाही म्हणून. आवाज चढवायची. थकली की डोळे मिटायची, जाग आली की परत तेच. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली. मी म्हटलं, हो आई, हो. तर तिने हात सोडला.

माझ्या कानातून ते जात नाही. भांडी घासताना ऐकू येतं. तुला तिचं कळत होतं म्हणतोस ना, मग सांग. पण खोटं सांगू नकोस. मला बरं वाटावं म्हणूनही नको, आणि मला लागावं म्हणूनही नको.

ताई


२३ जुलै

ताई,

आई गेल्याचं मला दोन आठवड्यांनी, टपालाने कळलं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. लिहायला गेलो तर हे पत्र पुरं होणार नाही.

तू लिहिलंस ते मी मोठ्याने म्हणून पाहिलं. मग आपण काय म्हणतोय याचा विचार न करता, माझ्या रोजच्या बोलण्यात म्हणून पाहिलं.

ती "तो गेला का?" असं विचारत होती. नाहीतर "तो जेवला का?" असं. दोन्हींतलं कुठलं ते मला सांगता येत नाही. जीभ उचलत नसली की दोन्ही एकसारखंच बाहेर येतं. मी प्लंबरला दोन्ही म्हणून दाखवलं. त्याला माझं सगळं बोलणं कळतं, पण यातला फरक त्यालाही करता आला नाही. मी तिथे असतो तर तिच्या डोळ्यांवरून ओळखलं असतं. मी तिथे नव्हतो.

पण दोन्ही प्रश्नांचं उत्तर तुमच्याकडे होतं. तो गेला होता. तो जेवला नव्हता. मी तुमच्या घरात होतो तेवढा सगळा वेळ तो जिन्यात बसून होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट द्यायला उठत होता. त्याला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आई दोन दिवस त्याची चौकशी करत होती, आणि तू तिला पाणी पाजत होतीस.

खोटं सांगू नकोस म्हणालीस, म्हणून जसं आहे तसं सांगितलं. हे तुला लागावं म्हणून लिहिलेलं नाही. तुला लागेल हे मला माहीत होतं, तरी लिहिलं.

मी त्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून ठेवला, बराच वेळ. बाहेर आल्यावर म्हणाला, "तिला सांगायचं होतं कुणीतरी, जेवलो म्हणून."

भाचीला सांग, तिला कधी यावंसं वाटलं तर खोली लहान आहे, पण तळमजल्यावर आहे.

तू यापुढे लिहिलंस तर पाकिटावर आम्हा दोघांची नावं घाल. माझ्या एकट्याच्या नावाने आलेलं पत्र मी न उघडता परत पाठवीन.